कागदांच्या पिशवीतून संविधान वाचायचं कसं

संविधानाचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला घेऊ नका. उद्देशिका एकदा मोठ्याने वाचा, घरातल्या पोरांकडून वाचून घ्या, आणि पुस्तक बाजूला ठेवून घरातली कागदांची पिशवी काढा. ती प्रत्येक घरात असतेच. आमच्याकडे बहुतेक कापडाच्या दुकानाची नाहीतर कपाशीच्या बियाण्याची पिशवी असते, पेटीत साड्यांच्या खाली ठेवलेली. रेशनकार्ड, मतदान कार्ड, सातबारा, शाळेचा दाखला, जातीचा दाखला, सासऱ्यांच्या मृत्यूची नोंद, सगळं एकात. त्यातला एकेक कागद समोर ठेवायचा आणि त्याचं मूळ संविधानात कुठे आहे ते शोधायचं.

खान्देशात, गिरणाकाठच्या एका तालुक्याच्या गावी मी अर्ज लिहून देते. माझे वडील दस्तलेखक होते, मराठी टंकयंत्रावर खाडखाड अर्ज उतरवायचे. आता त्याच टेबलावर माझा लॅपटॉप आणि प्रिंटर आहे. समोर येऊन बसणारी माणसं मात्र तशीच. ‘ताई, सायबाले लिखा, गरिबवर दया करा,’ असं म्हणतात. मी त्यांना पहिल्यांदा एवढंच विचारते की तुम्हाला हवंय ते साहेबाच्या घरचं आहे का? नाही ना? मग दया कशाला? अर्जात तुमचा हक्क लिहू, तो कुठे लिहिलाय तेही लिहू. हे समजलं की माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो. संविधान सामान्य माणसाला नेमकं काय देतं, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन. सरकारसमोर उभं राहायला त्याने आपल्याला जागा दिली.

आधी प्रत कोणती घ्यायची ते सांगते. ‘भारताचे संविधान’ मराठीत सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतं, पुस्तकाच्या दुकानातही मिळतं. जुनी प्रत हाती आली तर २१क शोधा. तो अनुच्छेद २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आला. नसेल तर तुमची प्रत त्याच्या आधीची आहे, नवी घ्या. आपण बोलताना कलम म्हणतो, पुस्तकात अनुच्छेद छापलेलं असतं. वकील ‘३९ अ’ म्हणतात ते मराठी प्रतीत ‘३९क’ म्हणून सापडेल. सुरुवातीला भाग तीन म्हणजे मूलभूत हक्क, भाग चार म्हणजे धोरणाची निदेशक तत्त्वं आणि भाग नऊ म्हणजे पंचायती, एवढ्या तीन ठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या घालून ठेवा. बाकीचं हळूहळू.

आता पिशवीतला पहिला कागद म्हणून मतदान कार्ड घ्या. त्याचं मूळ अनुच्छेद ३२६ मध्ये आहे. इंग्रजांच्या काळात मत द्यायला जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या. मजूर, कूळ, बहुतेक बायका यादीबाहेर. संविधानाने त्या अटी काढून टाकल्या आणि सगळ्या प्रौढांना मत दिलं. वय आधी २१ होतं, ६१ व्या घटनादुरुस्तीने १८ झालं. आपल्या भागाचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे, तो पोरांना जरूर सांगा. डिसेंबर १९३६ मध्ये यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. प्रौढ मतदानाने निवडलेली संविधान सभा हवी, ही मागणी त्या अधिवेशनाने केली. मांडवाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू वगैरे गावच्याच सामानातून केली होती. पुढे संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत चित्रांनी सजवली तीही याच नंदलाल बोस यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी. त्या प्रतीची छायाचित्रं पाहताना मला दरवेळी फैजपूर आठवतं, आणि अभिमान वाटतो.

कामाची गोष्ट म्हणजे यादीत नाव आहे का ते निवडणूक नसतानाच पाहा. नवीन नाव घालायला नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. लग्न होऊन आलेल्या सुनांची नावं माहेरच्या यादीत तशीच पडलेली असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मुलीचं लग्न झालं की बाकीच्या कागदांबरोबर नमुना ८ ही भरून टाका.

दुसरा कागद शाळेचा दाखला. इथे मी जास्त थांबते, कारण माझ्या टेबलावर सगळ्यात मनाला लागणारी कामं याचीच येतात. ऊस तोडायला किंवा वीटभट्टीवर गेलेली कुटुंबं परत येतात तेव्हा पोरांची शाळा सुटलेली असते. आधीच्या शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही, म्हणून पोरगी घरीच बसते आणि बकऱ्यांमागे जायला लागते. अनुच्छेद २१क सांगतो की ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण देणं हे राज्याचं काम आहे. त्यावर २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आणि पोरीला तिच्या वयाच्या वर्गात बसवायचं, हे त्या कायद्यात स्पष्ट आहे.

अशा वेळी मी अर्ज असा लिहिते, तुम्हीही हातानेच लिहू शकता:

‘प्रति, मुख्याध्यापक. विषय: इयत्ता चौथीत प्रवेश मिळण्याबाबत. महोदय, माझ्या मुलीचे वय ९ वर्षे आहे. कामानिमित्त आमचे कुटुंब बाहेरगावी होते. आधीच्या शाळेचा दाखला अद्याप मिळालेला नाही. भारतीय संविधानाचा अनुच्छेद २१क आणि बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ यांनुसार दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. तरी तिला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यावा. प्रवेश देणे शक्य नसल्यास कारणासह लेखी कळवावे.’

यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. अनुच्छेद १४ म्हणजे कायद्यापुढे समानता. त्याचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने असा लावला आहे की सरकारी अधिकाऱ्याला मनमानी करता येत नाही, निर्णयामागे कारण लागतं. तोंडी ‘नाही’ म्हणायला कुणालाच काही लागत नाही. तेच कारणासह, सही-शिक्क्याने लिहून द्यायचं म्हटलं की समोरचा माणूस कायदा उघडून बघतो. कितीतरी कामं या एका वाक्याने जागच्या जागी होताना मी पाहिली आहेत.

आणि अर्ज नेहमी दोन प्रतींत. एक त्यांच्याकडे, दुसरीवर पोच. पोच म्हणजे नुसती सही नव्हे. गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही पाहून घ्या. ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ असं सांगितलं तर आवक टेबलावर द्या. तिथेही घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं धरून चाला.

आता रेशनकार्ड. ते हातात घेतल्यावर एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, नाहीतर संविधानाकडून भलतीच अपेक्षा होते. धान्य किती मिळेल हे संविधानात लिहिलेलं नाही. अनुच्छेद ४७ मध्ये लोकांचं पोषण सुधारणं हे राज्याचं कर्तव्य म्हटलंय, पण तो भाग चारमधला, म्हणजे त्याच्या जोरावर थेट कोर्टात जाता येत नाही. ३७ वा अनुच्छेदच तसं सांगतो, आणि त्याच दमात हेही सांगतो की कायदे करताना ही तत्त्वं राज्याने पाळायची आहेत. दुसरीकडे २१ वा अनुच्छेद जगण्याचा हक्क देतो, आणि माणसाने सन्मानाने जगायचं तर अन्न आलंच, अशी भूमिका न्यायालयांनी घेतली. या दोन्हींच्या मधून २०१३ चा अन्न सुरक्षा कायदा आला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो, हे त्या कायद्यात आहे.

म्हणून कोणताही कागद घेतला की तीन प्रश्न विचारायचे. संविधानात याचं मूळ कुठे? त्यावर कायदा कोणता झाला? आणि त्या कायद्याप्रमाणे आपल्या तालुक्यात जबाबदार अधिकारी कोण? नुसतं ‘संविधानाने मला हक्क दिला’ असं ओरडून काम होत नाही, आणि नुसतं अधिकाऱ्याचं नाव माहीत असून चालत नाही. तिन्ही उत्तरं एका कागदावर आली की अर्ज आपोआप तयार होतो. रेशनच्या बाबतीत २१ आणि ४७, अन्न सुरक्षा कायदा, तहसील कचेरीची पुरवठा शाखा. झालं.

सातबाऱ्याचं उत्तर लहान आहे. अनुच्छेद ३००क: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. मालमत्तेचा हक्क आधी मूलभूत हक्कांत होता, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने तो तिथून निघाला, पण संविधानात राहिला. रस्त्याला, धरणाला जमीन जाणार असेल तर नोटीस, हरकत, सुनावणी आणि मोबदला या क्रमानेच गोष्टी व्हायला हव्यात. तोंडी मोजणीवर आणि कोऱ्या संमतीपत्रावर अंगठा देऊ नका.

जातीचा दाखला काढा. अनुसूचित जातींची यादी अनुच्छेद ३४१ खाली, जमातींची ३४२ खाली, शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या खास तरतुदी १५(४) आणि १६(४) मध्ये. पण हा कागद घेऊन बसाल तेव्हा १५(२) आणि १७ सुद्धा वाचा, आणि वाचताना चाळीसगावची गोष्ट सांगा. आपल्याच भागातली आहे आणि आपल्याच भागातल्या पोरांना माहीत नसते.

१९२९ साल. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा मुंबई सरकारने नेमलेल्या एका समितीवर होते. अस्पृश्यांवरच्या अन्यायाची चौकशी करणारी ती समिती. खान्देशातल्या एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता, त्याच्या चौकशीला ते आले आणि परतताना चाळीसगावला उतरले. तिथल्या वस्तीतल्या लोकांनी एक रात्र राहायचा आग्रह केला होता. स्टेशनवर त्यांना बराच वेळ थांबावं लागलं, कारण एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, बॅरिस्टर, सरकारी समितीचा सदस्य, काहीही उपयोगी पडलं नाही. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतल्या एका माणसाने टांगा हाकायला घेतला, त्याला सवय नव्हती. नदीवरच्या फरशी पुलावर घोडा बुजला, चाक कडेच्या दगडावर आदळलं, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला. त्यांचा पाय मोडला. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

त्यानंतर वीस वर्षांनी, २६ नोव्हेंबर १९४९ ला, संविधान सभेने जे संविधान स्वीकारलं त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. आता १५(२) वाचा. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते, कुठेही धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही. बाकीचे बरेच हक्क सरकारला बांधून ठेवतात. हा मात्र तुम्हा-आम्हालाही बांधतो, दुकानदाराला, टांगेवाल्याला, विहिरीवर पाणी भरणाऱ्याला. १७ वा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट करतो आणि ती पाळणं गुन्हा ठरवतो. या अनुच्छेदांवर उभे राहिलेले कायदेही लक्षात ठेवा: नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ चा, अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, आणि महाराष्ट्रात जात पंचायतीने वाळीत टाकलं तर त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कार कायदा. या तिसऱ्या कायद्याची माहिती सगळ्याच समाजांतल्या लोकांनी करून घ्यावी. आंतरजातीय लग्न केलं म्हणून भावकीने वाळीत टाकलेली घरं कुठल्याही एका समाजात नसतात.

एक गोष्ट पिशवीत नसते, ती लिहून पिशवीत ठेवा. अनुच्छेद २२. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मोठ्या अक्षरात लिहा: अटक केली तर कारण सांगितलं पाहिजे, आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटू दिलं पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. खाली लिहा ३९क, म्हणजे मोफत कायदेशीर मदत. त्यावर १९८७ चा कायदा आहे. त्याप्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कोठडीतला माणूस, या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी सरकारी खर्चाने वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, जळगाव, धुळे, नंदुरबारला जिल्हा प्राधिकरण. फोन १५१००. नवऱ्याने घराबाहेर काढलेली बाई माझ्याकडे अर्जाला येते तेव्हा मी तिला आधी कोर्टाच्या आवारात पाठवते, माझ्या टेबलावर नंतर. पैसे नाहीत म्हणून सासरच्यांशी तडजोड करून परत जाऊ नको, एवढं तिला कळलं तरी पुष्कळ. मूलभूत हक्कावरच गदा आली तर ३२ प्रमाणे सर्वोच्च न्यायालय आणि २२६ प्रमाणे उच्च न्यायालय. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं काम औरंगाबाद खंडपीठाकडे चालतं.

माहितीचा अर्ज घरातल्या एकाला तरी लिहिता आलाच पाहिजे. मूळ १९(१)(क), बोलण्याचं स्वातंत्र्य. माहितीच नसेल तर बोलणार काय, म्हणून न्यायालयांनी जाणून घेण्याचा हक्क त्यात धरला. कायदा २००५ चा. अर्जाचा नमुना जोडपत्र ‘अ’, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्यांना तोही नाही. मजकूर १५० शब्दांत, एका अर्जात एकच विषय. ‘भ्रष्टाचार का झाला’ असं विचारू नका. ‘अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि दिलेल्या बिलांची प्रत द्यावी’ असं मागा. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील.

एक म्हातारे बाबा दर आठवडे बाजाराला माझ्या टेबलाशी बसतात. पुस्तक हातात घेऊन त्यांनी एकदा विचारलं, ‘बेटा, हाई वकीलना कामनं पुस्तक, आमले काय कामनं?’ मी त्यांना भाग नऊ उघडून दिला. २४३क म्हणजे ग्रामसभा. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती, लागू झाली २४ एप्रिल १९९३ ला. लोकसभेत आपला खासदार बसतो, विधानसभेत आमदार. ग्रामसभेत मात्र मतदार स्वतः बसतो. दिल्लीचं पुस्तक खेड्याच्या चावडीपर्यंत येतं ते इथे. बाबा तेव्हापासून ग्रामसभा चुकवत नाहीत. गावातल्या स्मशानभूमीच्या रस्त्याचा विषय त्यांनीच मांडला.

सातपुड्यातल्या वाचकांनी याच्या जोडीला अनुच्छेद २४४ आणि पाचवी अनुसूची वाचावी. अक्कलकुवा, अक्राणी, तळोदा, नवापूर हे तालुके, आणि शहादा, नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर यांतली ठरावीक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा, म्हणजे पंचायतींच्या तरतुदी अनुसूचित क्षेत्रात नेणारा कायदा, लागतो आणि गौण वनोपज, जमीन, सावकारी अशा बाबतींत ग्रामसभेचा अधिकार बराच मोठा आहे. त्याला २००६ च्या वनहक्क कायद्याची जोड आहे. आपलं गाव यादीत आहे का ते पाहणं हे तिथलं पहिलं काम.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, आणि नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा. नोटीस लागली की तिचा मोबाइलवर फोटो काढा. आपला विषय लेखी द्या, पोच घ्या. गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. म्हणून शेजारच्या चार घरांना बरोबर घ्या, बायकांना पुढे बसवा. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत, त्यांचा आवाजही सभेत निम्मा ऐकू यायला हवा. ठराव झाला की इतिवृत्तात तो कसा लिहिला गेला ते तिथेच मोठ्याने वाचून मागा. हजेरीची सही आधी घेतात आणि मजकूर नंतर भरतात, असं कुठे होत असेल तर सही थांबवा. ठराव पूर्ण लिहून, वाचून झाला की मगच सही करा, आणि त्याची प्रत मागायचा अर्ज दुसऱ्या दिवशी देऊन टाका.